बाळंतिणीच्या हाडांची निगा

प्रसूती सुखरूप झाली, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, एवढे वर्तमान कानी आले की घरातील मंडळी निश्चिंत होतात. गरोदर स्त्रीची नोंदणी, तपासण्या, लसीकरण आणि दवाखान्यातील प्रसूती या बाबतींत आपल्या राज्याने समाधानकारक मजल मारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत झाल्याचे आढळून आले. परंतु प्रसूती झाल्यानंतर सर्वांचे लक्ष साहजिकच बाळाकडे वळते. बाळाचे वजन, बाळाची लस, बाळाचे दूध यांची विचारपूस होते. बाळाला दूध पाजणाऱ्या मातेच्या शरीरात त्या वेळी कोणती घडामोड चालू आहे, याची मात्र क्वचितच चौकशी होते.

‘पहिल्या बाळंतपणापासून कंबर धरली ती धरलीच’ अशी तक्रार गावोगावच्या स्त्रियांकडून ऐकू येते. घरात ती कुणी फारशी मनावर घेत नाही. बाईच्या जातीला हे चालायचेच, असे म्हणून ती सोडून दिली जाते. कित्येकदा त्या दुखण्याचे खापर अंगावर पाजण्यावर किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनावर फोडले जाते. या समजुतींत तथ्य किती, बाळंतपणात हाडांचे खरोखर काय होते, आणि ती पूर्ववत बळकट होण्यासाठी कुटुंबाने व गावाने काय करावे, याची माहिती ग्रामपंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

हाडांची ठेव

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः हाड जिवंत असते. त्यात जुना भाग विरघळण्याचे आणि नवा भाग घडण्याचे काम जन्मभर अखंड चालू असते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलोग्रॅम कॅल्शियम असते आणि त्यापैकी ९९ टक्के हाडांत व दातांत साठविलेले असते. उरलेला अत्यल्प अंश रक्तात व पेशींत असतो. हृदयाचे स्पंदन, स्नायूंचे आकुंचन आणि रक्त गोठण्याची क्रिया त्या अंशावर अवलंबून असतात. त्यामुळे रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर सहसा ढळू देत नाही. आहारातून पुरेसे कॅल्शियम आले नाही की हाडांतील ठेवीतून ते काढले जाते. संसारात अडचण आली की साठवणीच्या कणगीतून धान्य काढावे, तसाच हा प्रकार होय.

गर्भातील बाळाच्या हाडांसाठी नऊ महिन्यांत सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागते. त्याचा बहुतेक भाग शेवटच्या तीन महिन्यांत मातेकडून बाळाकडे जातो. या वाढीव मागणीसाठी निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. गरोदरपणात मातेची आतडी अन्नातील कॅल्शियम नेहमीच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे आहार बरा असेल तर हाडांवर फारसा ताण पडत नाही.

प्रसूतीनंतर स्थिती पालटते. दुधावाटे दररोज सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाला मिळू लागते. सहा महिन्यांत हा आकडा ३५ ते ४५ ग्रॅमपर्यंत पोहोचतो, म्हणजे गर्भारपणापेक्षाही अधिक. याच वेळी आतड्यांची वाढलेली शोषणशक्ती पूर्वपदावर आलेली असते. मग हे कॅल्शियम येते कोठून? पुष्कळसे मातेच्या हाडांतून. दूध पाजण्याच्या काळात स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजन या संप्रेरकाचे प्रमाण कमी होते आणि स्तनांतून एक विशिष्ट संप्रेरक रक्तात मिसळते. या दोहोंच्या प्रभावाने हाडांतील कॅल्शियम सुटे होऊन दुधासाठी उपलब्ध होते. पहिल्या सहा महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता साधारणतः तीन ते पाच टक्के, क्वचित त्याहूनही अधिक, घटते.

स्तन्यपानाने हाडे कायमची झिजतात काय?

वरील माहिती वाचून कुणी असा निष्कर्ष काढील की, मग मातेने अंगावर न पाजणेच बरे. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा ठरेल. बाळाचे अंगावरचे पिणे कमी होऊ लागले आणि मासिक पाळी पुन्हा सुरू झाली की हाडे आपली ठेव परत भरू लागतात. दूध तोडल्यानंतर सहा ते बारा महिन्यांत बहुतेक स्त्रियांची हाडे पूर्वीइतकी घन होतात. अनेक मुलांना जन्म देणाऱ्या व दीर्घकाळ पाजणाऱ्या स्त्रियांची उतारवयात हाडे अधिक मोडतात, असे बहुतेक अभ्यासांत दिसून आलेले नाही. तेव्हा पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तन्यपान, हा सल्ला मातेच्या हाडांच्या दृष्टीनेही निर्धोक आहे.

मात्र, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. ही उसनवारी आहे आणि उसने घेतलेले परत फेडले जावे, अशी निसर्गाची योजना आहे. फेड होण्यासाठी पुरेसा आहार, सूर्यप्रकाश आणि पुरेसा अवधी या तिन्ही गोष्टी लाभाव्या लागतात. ज्या स्त्रीच्या ताटात बाळंतपणाआधीही कॅल्शियमची वानवा होती, जी महिनोन्महिने उन्हाला पारखी असते, किंवा जिच्यावर पहिले मूल वर्षाचे होण्यापूर्वीच दुसरे गर्भारपण येते, तिच्या हाडांची ठेव भरून निघण्यास वावच मिळत नाही. त्यातही मुलगी अल्पवयीन असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. हाडांची घडण विशीच्या उत्तरार्धापर्यंत चालू असते. वरील सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. स्वतःची हाडे भरण्याच्या वयातच या मुलींना बाळाची हाडे घडवावी लागतात. बालविवाह प्रतिबंधाच्या कायद्याचे महत्त्व या अंगानेही पटण्यासारखे आहे.

बाळंतिणीचे ताट

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीस दररोज १,००० मिलिग्रॅम, तर अंगावर पाजणाऱ्या मातेस १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आवश्यक आहे. आपल्याकडील मुख्य धान्यांतून ही गरज भागत नाही. शंभर ग्रॅम तांदळात दहा मिलिग्रॅमच्या आसपास, तर ज्वारीत २५ ते ३० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. याउलट शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. कोकण, सह्याद्रीचा घाटमाथा आणि पालघर-नाशिककडील आदिवासी पट्टा येथे नाचणी घरची असते. ती मागासलेल्यांचे अन्न समजून टाकून देण्याची जी प्रवृत्ती मध्यंतरी बळावली, ती बाळंतिणींना महाग पडली आहे.

जेथे नाचणी पिकत नाही, तेथेही पर्याय आहेत. सोलापूर, मराठवाडा व खानदेशातील कोरडवाहू भागांत हुलगा पिकतो. हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे हे पदार्थ कॅल्शियमच्या दृष्टीने चांगले आहेत. शेवग्याचा पाला व राजगिऱ्याचा पाला यांत शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. शेवग्याच्या शेंगा बाजारात विकावयाच्या आणि पाला शेळ्यांपुढे टाकावयाचा, हे दृश्य पुष्कळ गावांत दिसते. त्यातील ओंजळभर पाला बाळंतिणीच्या भाजीत गेला तर त्यासाठी पदरचा पैसाही पडत नाही. तिळात तर शंभर ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. संक्रांतीपुरता आठवणारा हा जिन्नस चटणीच्या रूपाने वर्षभर ताटात असावयास हरकत नाही. किनारपट्टीवर काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान सुकी मासळी हाही उत्तम स्रोत होय. दुधात शंभर मिलिलिटरमागे सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते व ते सहज पचनी पडते. दूध सोसत नसेल तर दही चालते. पालक मात्र या कामी फारसा उपयोगी नाही, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्लामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

एक साधा हिशेब पाहावा. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरी, दोनशे मिलिलिटर दूध, शेवग्याच्या पाल्याची वाटीभर भाजी आणि दोन चमचे तिळाची चटणी एवढ्यातून दिवसाला साडेआठशे ते नऊशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. उरलेली तूट डाळ, हुलगे, दही यांतून बरीचशी भरून निघू शकते. हाडांचा सांगाडा प्रथिनांवर उभा असतो. म्हणून डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि चालत असल्यास अंडी व मासे यांचीही जोड हवी.

आपल्या जुन्या चालीरीतींत या दृष्टीने चांगले आणि वाईट असे दोन्ही सापडते. अळिवाचे लाडू, खसखस व खोबरे घातलेले डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेपूची भाजी ही परंपरा जपण्याजोगी आहे. अळीव व खसखस हे दोन्ही जिन्नस कॅल्शियमने समृद्ध आहेत. परंतु ‘वातुळ’ म्हणून डाळ बंद, ‘थंड’ म्हणून दही व पालेभाजी बंद, बाळाला बाधेल म्हणून पाणीही मोजके, अशी पथ्ये काही घरांत महिना-दीड महिना पाळली जातात. ज्या काळात अन्नाची गरज सर्वाधिक, त्याच काळात ताट असे आखडले जाते. लाडू पाहुण्यांच्या हाती जातात आणि बाळंतीण मऊ भात व तुपावर राहते, असेही घडते. ज्येष्ठ स्त्रियांचा मान राखून, लाडवांची प्रथा चालू ठेवावी आणि डाळ-भाजीची बंदी उठवावी, एवढे त्यांना समजावून सांगता येण्यासारखे आहे.

दातांना मिश्री लावण्याची सवय आपल्या ग्रामीण स्त्रियांत अद्याप आढळते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच होय. तंबाखूने हाडांची घडण मंदावते आणि पाजणाऱ्या मातेच्या दुधावाटे त्याचा अंश बाळाच्याही पोटात जातो. तंबाखूबरोबर चुना खाल्ल्याने हाडांना बळकटी येते, ही समजूतही भ्रामक आहे.

ऊन आणि अंधारी खोली

आहारातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते. ते अन्नातून फार थोडे मिळते. त्वचेवर ऊन पडले म्हणजे शरीर ते स्वतः तयार करते. या संदर्भात आपल्याच राज्यातील एक जुना अभ्यास उल्लेखनीय आहे. हचिन्सन व शहा या संशोधकांनी नाशिक येथे मुडदुसाचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९२२ साली प्रसिद्ध केले. पडदा पाळणाऱ्या आणि घराच्या आत वावरणाऱ्या सधन कुटुंबांत त्यांना हाडांचा हा विकार आढळला. निकृष्ट आहारावर राहणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्या गरीब कुटुंबांत तो आढळला नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा धडा आजही तितकाच खरा आहे. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, कारण ऊन अंगणात असते आणि माणसे छपराखाली असतात.

बाळंतिणीची खोली अंधारी, दारे-खिडक्या बंद, कोपऱ्यात शेगडीची धुरी आणि सव्वा महिना बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, ही प्रथा या दृष्टीने घातक ठरते. मातेच्या अंगी ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर तिच्या दुधातही ते उतरत नाही आणि बाळाला मुडदूस होण्याचा संभव वाढतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक बाळास पहिले वर्षभर दररोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस केली आहे. बाळंतिणीने सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान चेहरा, हात व पावले उघडी ठेवून अर्धा तास अंगणात, ओसरीच्या कडेला किंवा गच्चीवर बसावे. कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. खिडकीच्या काचेतून आलेले ऊनही या कामी निरुपयोगी असते. आडोसा हवा असल्यास तो लुगड्याच्या पडद्याचा करता येतो. छप्पर मात्र नको.

गोळ्या : वाटप आणि सेवन

आहारातील तूट लक्षात घेऊन केंद्र शासनाने २०१४ साली गरोदर व स्तनदा मातांना कॅल्शियमच्या गोळ्या देण्याबाबत मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. त्यांनुसार गरोदरपणाच्या चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत आणि प्रसूतीनंतर सहा महिने दररोज दोन गोळ्या घ्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व २५० एकक ‘ड-३’ जीवनसत्त्व असते. प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांसाठी हा हिशेब ३६० गोळ्यांचा होतो. या गोळ्या शासकीय आरोग्य संस्थांतून विनामूल्य दिल्या जातात.

या गोळ्यांनी स्तन्यपानकाळातील हाडांची घट सर्वस्वी थांबते, असे मात्र समजू नये. ती घट संप्रेरकांच्या योजनेने होत असते. परंतु ज्या स्त्रीच्या आहारातच कॅल्शियम तुटपुंजे आहे, तिची दैनंदिन गरज भागविण्यास आणि पुढे ठेव भरून काढण्यास त्या साहाय्यभूत होतात. गरोदरपणात त्या रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोकाही कमी करतात.

सेवनाचे नियम साधे आहेत, पण ते न सांगितल्यामुळे गोळ्या सोडून दिल्या जातात. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. उपाशीपोटी घेतल्यास जळजळ होते. दोन्ही गोळ्या एकदम न घेता एक सकाळच्या व एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर कधीही घेऊ नये, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते. लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी घ्यावी. बाळंतिणीला लोहाची गोळीही सहा महिने घ्यावयाची असते. पांढरी गोळी जेवताना आणि लाल गोळी जेवण उरकून दोन तासांनी, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. गोळीचा रंग निराळा असल्यास आशा कार्यकर्तीकडून ओळख करून घ्यावी. मूतखड्याचा त्रास असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

या योजनेतील खरी गळती कोठे होते, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. गरोदर स्त्रीची नोंद सासरच्या गावी झालेली असते आणि प्रसूती माहेरच्या गावाजवळ होते. दोन-तीन महिन्यांनी ती पुन्हा सासरी जाते. आशा कार्यकर्तीच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी बेचाळीसाव्या दिवशी संपतात. त्यानंतरच्या ठरलेल्या भेटी तिसऱ्या व सहाव्या महिन्यात असतात. मधल्या काळात माहेरच्या गावी ती पाहुणी ठरते आणि सासरच्या गावी ती हजर नसते. बाळाची लस कार्डावर लिहिली जाते, परंतु आईची गोळी कुणाच्याच वहीत राहत नाही. रुग्णालयातून घरी सोडताना पुरेशा गोळ्या हाती देणे, माता व बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबरच ठेवणे आणि बाळाच्या दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसीकरणाच्या दिवशी आईच्या गोळ्यांचीही चौकशी करणे, या तीन गोष्टींनी ही गळती बऱ्याच अंशी थांबू शकेल. यासाठी नव्या योजनेची किंवा नव्या पदाची गरज नाही.

कंबरदुखी, श्रम आणि विसावा

बाळंतपणानंतरची बहुतेक कंबरदुखी हाडांची नसते. गरोदरपणात सैल झालेले सांध्यांचे बंध, ताणलेले पोटाचे स्नायू, वाकून बाळाला पाजणे आणि जागरण यांमुळे ती उद्भवते व काही महिन्यांत कमी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळे जन्माची कंबरदुखी जडते, या समजाला अभ्यासातून आधार मिळालेला नाही. इंजेक्शनाच्या जागी काही दिवस ठणका राहतो, इतकेच. पाठीला टेकू देऊन बसणे, बाळाला उशीवर घेऊन पाजणे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटाचे व पाठीचे हलके व्यायाम करणे यांनी आराम पडतो.

चालणे-फिरणे हाडांना हितकारक असते, कारण हाडांवर बेताचा भार पडला म्हणजे त्यांची घडण सुधारते. म्हणून सव्वा महिना अंथरुणाला खिळून राहणे इष्ट नाही. परंतु पंधराव्या दिवशी डोक्यावर हंडा-कळशी घेऊन टेकडी चढणे किंवा सरपणाची मोळी वाहणे हा व्यायाम नव्हे. एका टोकाला सक्तीची निश्चलता आणि दुसऱ्या टोकाला अतिश्रम, यांच्या मधला मार्ग बाळंतिणीच्या वाट्याला आला पाहिजे.

या अतिश्रमाचे अत्यंत गंभीर रूप ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत दिसले. बीड जिल्ह्यातील स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या तक्रारींवरून राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांत तरुण माता मोठ्या संख्येने होत्या. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले गेल्यास इस्ट्रोजनचा पुरवठा एकाएकी थांबतो आणि पन्नाशीनंतर व्हावयाची हाडांची झीज ऐन तिशीत सुरू होते. उसने दिलेले परत मिळण्याचा मार्गच अशा स्त्रीला बंद होतो. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे यांसारख्या तक्रारींवर औषधोपचार उपलब्ध आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी शासकीय रुग्णालयातील दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, हा सल्ला मुकादमापासून सरपंचापर्यंत प्रत्येकाने द्यावा.

दोन बाळंतपणांतील अंतर

हाडांची फेड होण्यास वेळ लागतो. सहा महिने निव्वळ स्तन्यपान, त्यानंतर हळूहळू दूध कमी होणे आणि पुढे ठेव भरून येण्यासाठी सहा ते बारा महिने, असा हिशेब केला तर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीमागील एक कारण स्पष्ट होते. तांबी, गोळ्या, निरोध व इंजेक्शन ही साधने शासकीय केंद्रांत उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘अंतरा’ या तीन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनाने हाडांची घनता काहीशी घटते व ते थांबविल्यावर पुन्हा भरून येते. त्यामुळे हाडांचा पूर्वविकार असलेल्या किंवा अगदी कोवळ्या वयाच्या स्त्रीने ते डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दुर्लक्ष करू नये अशी लक्षणे

क्वचित एखाद्या स्त्रीची हाडे गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत इतकी विरळ होतात की, बाळाला उचलताना किंवा साधे वाकतानाही मणका दबतो. हा विकार वैद्यकीय वाङ्मयात १९५५ पासून नोंदलेला आहे. तो दुर्मीळ असला तरी ओळखला न गेल्यास स्त्रीचे हाल होतात. पुढील लक्षणे दिसल्यास तिला विनाविलंब ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे :

• वाकताना किंवा बाळाला उचलताना पाठीत एकाएकी निघालेली तीव्र कळ, उंची कमी झाल्यासारखी वाटणे किंवा पाठीला आलेला बाक.

• जांघेत किंवा खुब्यात दुखून लंगडत चालणे.

• मांड्या व बरगड्या दुखणे, उकिडवे बसून उठता न येणे, डुलत चालणे. ही ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र उणिवेची खूण असू शकते.

• हातापायांत वारंवार मुंग्या व पेटके येणे.

• पाठदुखीबरोबर सायंकाळी ताप आणि वजनात घट. अशा वेळी मणक्याच्या क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

• पाय बधिर होणे किंवा लघवीवरील ताबा जाणे.

स्टेरॉइड, फेफऱ्यावरील औषधे किंवा रक्त पातळ करणारी हेपॅरिनची इंजेक्शने दीर्घकाळ चालू असलेल्या स्त्रियांनी आपली ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

गावाने काय करावे?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार गरोदरपणी व प्रसूतीनंतर सहा महिने अंगणवाडीमार्फत विनामूल्य आहार मिळणे हा मातेचा हक्क आहे. राज्यातील अनुसूचित क्षेत्रात २०१५ साली सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण देण्याची तरतूद करण्यात आली. या जेवणात नाचणी, तीळ व शेवग्याचा पाला किती वेळा येतो, याकडे ग्रामपंचायतीच्या स्त्री सदस्यांनी लक्ष दिले तर पाकसिद्धीत फार फरक पडेल. घरी देण्यात येणारा शिधा बाळंतीण खाते की साऱ्या घरात वाटला जातो, हेही पाहिले पाहिजे.

ग्रामपंचायतीस महिला व बालकल्याणासाठी आपल्या उत्पन्नातील १० टक्के निधी खर्च करावयाचा असतो. शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्राच्या आवारात शेवग्याची दहा-वीस झाडे लावण्यास त्यातील अल्प रक्कम पुरेल. नळपाणी योजनेची तोटी कोणत्या वस्तीपर्यंत पोहोचली नाही, याचा विचार करताना तेथील बाळंतिणींच्या डोक्यावरील हंडा डोळ्यांपुढे ठेवावा. माहेरपणास आलेल्या बाळंतिणीची नोंद गावच्या आशा कार्यकर्तीने पाहुणी म्हणून न करता गावातील माता म्हणूनच करावी, असा ठराव ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत सहज होऊ शकेल.

शिक्षकांचे कार्य थोडे आधीचे आहे. हाडांची पुंजी मुख्यतः किशोरवयात जमा होते. आठवी-नववीतील मुलगी पळते, खेळते, उन्हात वावरते आणि शाळेत पोटभर जेवते, तेव्हाच तिच्या पुढील बाळंतपणांची सोय होत असते. खेळाच्या तासाला मुलींना वर्गात बसवून ठेवू नये, हे या दृष्टीने लहान वाटले तरी मोलाचे काम आहे. क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी आपल्या मासिक आढाव्यात किती गोळ्या वाटल्या या आकड्याबरोबर किती मातांनी सहा महिने पूर्ण केले, हाही आकडा मागवावा. वाटपाचा आकडा भांडाराची स्थिती दाखवितो. सेवनाचा आकडा मातेची स्थिती दाखवील.

बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांचे हाड-मांस आईच्या अंगातून घडते. आईने ते देताना हात आखडता घेतलेला नसतो. तिच्या शरीराची ही उसनवारी वर्ष-दीड वर्षात फिटावी, एवढी ताटाची, उन्हाची व विसाव्याची व्यवस्था करणे कोणत्याही कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ती होते की नाही, याची विचारपूस करणे गावाच्या हाती आहे. बाळाचे वजन विचारणाऱ्याने त्याच वेळी आईची कंबर कशी आहे, हेही विचारावे. त्या प्रश्नापासूनच या कामाचा आरंभ होईल.